पाना खाली ठेव

पाना खाली ठेव. आधी ठेव, मग बोल.

काहून रे, गिअरबॉक्स गेला हे तुला कोणी सांगितलं? मोताळ्याहून राजूर घाट चढून आलेला तो माणूस एवढंच म्हणाला, पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकला की खर्र वाजतं. तेवढ्यावर तू बोल्ट सोडायला बसलास? इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिलेस का? मी पाहिले. सगळे लोण्यासारखे पडले. इंजिन सुरू झालं की अडतात. म्हणजे पेडल तळाला टेकवलं तरी क्लच प्लेट पुरती सुटत नाही, गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनासोबत फिरतच राहतो. फिरत्या दात्यांत दाते घातले तर खर्र वाजणारच! लिव्हरच्या केबलचा दोष असता, तर बंद गाडीतही गिअर अडले असते. सिंक्रो रिंग झिजली असती, तर बहुधा एखाददुसराच गिअर कुरकुरला असता.

बॉनेट उघडलंस? फ्लुइडची डबी तळाला गेलीय. तुझ्या डोक्याशी स्लेव्ह सिलिंडर पाझरतोय आणि तू त्याच्याच शेजारचा बोल्ट सोडतोयस. पेडल भराभर तीन-चारदा दाबलं की गिअर पडतो, हे त्यानं आल्याआल्या सांगितलं होतं. लाइनीत हवा शिरल्याची याहून स्पष्ट खूण कोणती हवी तुला? तू ऐकलंच नाहीस.

परवाही हेच. बोथ्याच्या घाटात क्लच जळाल्याचा वास येऊन दुसरी एक गाडी परत आली. इंजिन गुरगुरतंय, गाडी चढत नाही. का? तिची क्लचची केबल तू इतकी ताणलीस की पेडलला मोकळी चालच उरली नाही. पाय न लावताही प्लेट अर्धी सुटलेली, घासून घासून जळाली. मॅन्युअल कपाटात आहे, चाल किती ठेवायची ते त्यात छापलंय. पट्टी लावून मोजायला दोन मिनिटं लागतात.

गिअरबॉक्स खोलायचा म्हणून त्या माणसाला तू हजारांचा आकडा सांगितलास. तो बाकावर बसून भावाला फोन करत होता, सोयाबीन विकलं की देतो म्हणून उसने मागत होता. मी ऐकलंय.

बोल्ट परत घट्ट कर, टॉर्क रेंचनं. सिलिंडर नवा बसव, फ्लुइड झाकणावर लिहिलंय तेच घाल. हवा काढायला ब्लीडरपाशी तू खाली, पेडल दाबायला मी वर. पण त्याआधी बाहेर जा आणि त्यांना सांग, चूक माझी होती, पैसे उसने घेऊ नका.