तोंड कुणाचं, नजर कुणाची

बाई रस्त्यानं तोंड झाकून चालली तर तो गुन्हा होतो का? फ्रान्समध्ये होतो. ११ ऑक्टोबर २०१० ला तिथं कायदा झाला आणि ११ एप्रिल २०११ पासून लागू झाला. कायद्याची भाषा मोठी साळसूद. बुरखा, नकाब, मुसलमान हे शब्दच त्यात नाहीत. सार्वजनिक जागेत कुणीही तोंड लपवणारा पोशाख घालायचा नाही, एवढंच. मग सुटी सुरू. दुसऱ्या कायद्यानं हेल्मेट सांगितलंय, त्याला सूट. आजाऱ्याला सूट, धंद्याच्या गरजेला सूट, खेळाला सूट, सणासुदीच्या मुखवट्यांना सूट. एवढं सगळं चाळून चाळणीत उरलं कोण? नकाबवाली. आणि ती किती? तिथल्याच सरकारी आकड्यानं २००९ च्या अखेरीस एकोणीसशेच्या आसपास. सहा-साडेसहा कोटींच्या देशात. पाळी सुटल्यावर आमच्या एमआयडीसीच्या नाक्यावर यापेक्षा जास्त बाया चहाला थांबत असतील.

तुम्ही म्हणाल, तू सूतगिरणीत साचे चालवणारा माणूस, तुला फ्रान्सचं काय पडलंय? पडलंय. 'सार्वजनिक सुरक्षा' हे दोन शब्द आले की माझे कान टवकारतात. या शब्दांनी आपल्या भावंडांचं फार वाटोळं केलंय. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला तो याच नावाखाली. पोरगं आईच्या पोटातनं बाहेर यायच्या आधीच चोर. हजेरी द्या, ठसे द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. १९५२ साली तो कायदा गेला. पण चोरी झाली की जीप अजून पारध्याच्या पालापुढंच उभी राहते. म्हणून सुरक्षा म्हटलं की मी आधी विचारतो, कुणाची, आणि कुणाच्या जिवावर?

आता न्यायानं बोलायचं तर भीती सगळीच खोटी नाही. आफ्रिकेतल्या चाड देशाच्या राजधानीत जून २०१५ मध्ये आत्मघाती स्फोट झाले. सरकारनं लगेच बुरख्यावर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात एक पुरुष बुरखा घालून तिथल्या बाजारात आला आणि त्यानं स्वतःला उडवलं. म्हंजे कापडाखाली माणूस लपतो हे खरं. बंदीनं तो थांबला नाही हेही खरं. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या दिवशी, श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलं उडवली. पाठीवर पिशवी टाकून चर्चकडं चाललेला माणूस कॅमेऱ्यात साऱ्या जगानं बघितला. तोंड उघडं होतं. आठ दिवसांनी सरकारनं बंदी कशावर घातली? तोंड झाकण्यावर.

आमच्या फाटकावर रोज झडती होते. वॉचमन खिसे चाचपतो, डबा उघडून बघतो, कुणी कांडी पळवली का म्हणून. साहेबांच्या गाडीची डिकी उघडलेली मात्र मी अजून बघितली नाही, तो विषय वेगळा. पण झडतीला निदान शेवट असतो. खिसा बघितला, संपलं. वॉचमन माझ्या खिशात हात घालून घरापर्यंत येत नाही. सुरक्षेची हद्द एवढीच पाहिजे. बँकेत, विमानतळावर, परीक्षेच्या दारात, मतदानाच्या खोलीत तोंड दाखवायला सांगा, दाखवलंच पाहिजे. बाईला बाईनं तपासावं, ओळख पटली की जाऊ द्यावं. पण अख्खा रस्ता, बाजार, बाग, बसथांबा, सगळीकडं तोंड उघडंच ठेव म्हणणं ही झडती नव्हे. हा घरापर्यंत खिशात घातलेला हात झाला.

हे एकटा मीच बोलत नाही. फ्रान्समधल्या एका तरुणीनं या कायद्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. जन्म पाकिस्तानातला, नागरिक फ्रान्सची. खटला नुसत्या आद्याक्षरांनी चालला. तिचं म्हणणं साधं होतं. मी माझ्या मर्जीनं नकाब घालते, रोज घालतेच असं नाही, आणि तपासणीला काढा म्हणाल तर काढीन. १ जुलै २०१४ ला निकाल लागला. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो वाचला, दोन रविवार गेले. सरकारनं आधी सुरक्षा पुढं केली. न्यायालय म्हणालं, सरसकट धोका असल्याचं दिसत नाही, मग सरसकट बंदी कशाला? गरज पडेल तिथं ओळख पटवा. बायकांची समानता, माणसाची प्रतिष्ठा, ही कारणंही टिकली नाहीत. मग बाई जिंकायला पाहिजे होती ना? हरली. 'एकत्र राहणं' नावाच्या एका कारणावर. समाजात माणसामाणसाचं नातं तोंड बघून जुळतं, झाकलेलं तोंड ते जुळू देत नाही, म्हणून बंदी चालेल. पंधरा विरुद्ध दोन. विरोधातल्या दोन्ही न्यायाधीश बायका होत्या. त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे कारण ओढूनताणून आणलेलं आणि मोघम आहे. पुढं २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं दुसऱ्या दोन बायकांच्या तक्रारीवर फ्रान्सनं हक्क मोडला असंच सांगितलं.

एकत्र राहणं. काय गोड शब्द आहे! गावगाड्यात पण सगळे एकत्रच राहत होते की! कुणी कुठं बसायचं, काय नेसायचं, रस्त्यावर कधी यायचं हे ठरवणारे वेगळे आणि पाळणारे वेगळे, इतकंच. बाबासाहेबांनी १९३२ च्या एका बातमीचा दाखला दिलाय. तिकडं दक्षिणेत तिरुनेलवेलीकडचे पुरद वण्णान. अस्पृश्यांचे कपडे धुणारे, अस्पृश्यांतही खालचे. त्यांचा स्पर्शच काय, दर्शनसुद्धा विटाळ. दिवसा बाहेर पडायचं नाही. काम रात्री. उजाडायच्या आत घरात. तिथं रूढीचा हुकूम होता, तोंड दाखवू नका. पॅरिसमध्ये कायद्याचा हुकूम आहे, तोंड दाखवाच. दोन्हींचं वजन सारखं नाही, हे मला कळतं. नकाबवालीला दीडशे युरो दंड आहे, वण्णानाचा अख्खा जन्म अंधारात गेला. पण दोन्हीकडं बघणाऱ्याच्या डोळ्याला काय खुपतं यावर नियम बेतलाय. जिच्याकडं बघायचं तिला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आणि खुपणं तरी खरं आहे का? ११ मे २०२० पासून त्याच फ्रान्समध्ये बस-रेल्वेत मास्कची सक्ती झाली. २०१० चा कायदा तसाच जागेवर. म्हंजे एकाच डब्यात तोंड उघडं म्हणून एकाला १३५ युरो दंड आणि नकाब आहे म्हणून दुसरीला १५०. अख्खा देश अर्धं तोंड झाकून एकत्र राहिला. आपल्याकडं पुण्या-सोलापुरात पोरी स्कूटीवर ओढणीनं तोंड गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवून जातात. ऊन असतं, धूळ असते, कधी ओळखीच्या काकानं बघू नये हेही असतं. त्यांना कुणी अतिरेकी म्हणत नाही. कार्डिंग खात्यात आम्ही आठ तास नाकातोंडाला रुमाल बांधतो, नाहीतर पिंज छातीत जाते. आमची नाती त्या रुमालातनं बरोबर जुळतात, शिव्या पण बरोबर पोचतात.

आता खरी गाठ. आमच्या खात्यातला एक दोस्त म्हणाला, "लेका, बुरख्याची वकिली करायलास व्हय? बाबासाहेबांनी पडद्यावर काय लिवलंय ते वाच की." वाचलंय. मला बुरखा आवडत नाही. बाईचं तोंड ही कुणाच्या तरी घराची अब्रू, हा विचारच सडका आहे, मग तो मौलवीनं सांगितलेला असो की घुंगट ओढायला लावणाऱ्या सासऱ्यानं. इराणमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये जिना महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची पोरगी डोक्यावरच्या कापडापायी पोलिसांनी धरली आणि ती कोठडीतून जिवंत परतली नाही. अफगाणिस्तानात मे २०२२ मध्ये तालिबाननं बायकांना तोंड झाकायचा हुकूम काढला, आणि बाईनं मोडला तर शिक्षा तिच्या बापा-नवऱ्याला. बाई तिथं माणूसच नाही, गुन्हा करण्याइतकीसुद्धा नाही. फ्रान्सच्या कायद्यात बळजबरी करणाऱ्याला वर्षाची कैद आणि तीस हजार युरो दंड आहे. ते कलम मला मान्य. पण त्याच कायद्यात तिलाही दंड. तिला गुलाम म्हणायचं आणि पावती पण तिच्याच नावानं फाडायची, हा कुठला न्याय?

कोन वाइंडिंगला एक बाई आहे. बुरख्यात येते, खात्यात आली की काढून खुंटीला लावते, ओढणी नाकाला बांधते, पाळी सुटली की परत चढवते. मी विचारलं तर म्हणाली, "भैया, काढला तर मोहल्ल्यातले बोलतात, घातला तर बसमधले बघतात. पगार किती मिळतो ते कुणीच विचारत नाही." मर्जी आणि सक्ती यांची अशी सरमिसळ असते. ती वेगळी करायची ताकद तिला पगार, शाळा, माहेरचा आधार यातनं येईल. हवालदाराच्या पावतीपुस्तकातनं कशी येणार?

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आपल्या बायकांपुढं उभे राहिले. लुगडं नेसायची जुनी तऱ्हा सोडा म्हणाले, ते गळ्या-हातातले ढीगभर दागिने टाका, त्यावरनं लांबूनच तुमची जात ओळखू येते. परतायच्या वेळेला बायकांनी नेसण बदललेली होती. पोशाखातली गुलामी त्यांना दिसत नव्हती असं नाही. पण बोलणं जिनं नेसायचं तिच्याशीच होतं, बोलणारा तिच्यातला होता, आणि ऐकलं नाही तर कुणी दारात अडवणार नव्हतं.

१५ मार्च २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं वर्गातली डोक्यावरच्या रुमालाची बंदी कायम केली. तोंड झाकायचा तिथं प्रश्नच नव्हता, पोरींची तोंडं उघडी होती. निकालात बाबासाहेबांच्या फाळणीवरच्या पुस्तकातला पडद्याचा उतारा घातला. त्या प्रकरणाची सुरुवात हिंदू समाजातल्या दुष्ट चालींपासून होते, पण उतारा तेवढाच घेतला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांत दुमत झालं, एकानं बंदी उचलून धरली, दुसऱ्यानं पोरींच्या शिक्षणाचं काय म्हणून विचारलं. पोरींना शिकवा म्हणून जन्मभर घसा कोरडा करणाऱ्या माणसाचं पुस्तक शाळेच्या फाटकात आडवं धरलं गेलं. पोरी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. काहींची परीक्षा बुडाली.