श्रद्धा ही शीलाची साक्ष होय काय?

अमुक मनुष्य देवभक्त आहे एवढे कानी पडताच तो सत्यवचनी व निर्लोभी असलाच पाहिजे, असा समज जनमानसात सहज उत्पन्न होतो. सोयरीक जुळविताना ‘घर उपदेशी आहे’ एवढ्यावर पुष्कळदा चौकशी थांबते. आणि जो ईश्वर मानीत नाही, त्याच्या शब्दावर अकारण संशय घेतला जातो. हा न्याय विवेकास धरून आहे काय, याचा साधकाने शांतचित्ताने विचार करावा.

इंग्लंडात १८६९ पूर्वी ईश्वरावर श्रद्धा नसणाऱ्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरीत नसत. ज्यास परलोकीच्या दंडाचे भय नाही तो खरे बोलणार नाही, असे गृहीत होते. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वचिंतकाने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात यातील विसंगती दाखविली. अश्रद्ध असूनही जो खोटेपणाने शपथ घेई, त्याची साक्ष स्वीकारली जाई. आणि लोकापवाद पत्करून जो आपली अश्रद्धा प्रामाणिकपणे सांगे, तोच अविश्वसनीय ठरे. म्हणजे असत्यास अडविण्यासाठी बसविलेला द्वारपाल असत्यवाद्यास आत घेई व सत्यवाद्यास बाहेर ठेवी.

पुढे १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड निरीश्वरवादी गृहस्थ नॉर्थॅम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आले. शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञा करण्याची त्यांची मागणी नाकारली गेली. नंतर शपथेची तयारी दर्शविली असता तीही घेऊ दिली नाही. मतदारांनी पुनःपुन्हा निवडून देऊनही १८८६ पर्यंत त्यांना आपले आसन निर्वेधपणे लाभले नाही. १८८८ च्या कायद्याने प्रतिज्ञेचा मार्ग मोकळा झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास आले होते. भारताच्या राज्यघटनेत आणि १९६९ च्या शपथ कायद्यातही ईश्वराच्या नावे शपथ व गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय आहेत. साक्षीदार कोणताही पर्याय घेवो, उलटतपासणी त्यास चुकत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, मग श्रद्धेचा शीलाशी काहीच संबंध नाही काय? त्याचे समाधान असे : संबंध आहे, परंतु तो साधन आणि साध्य यांचा आहे. औषधाची पुडी उशाशी आहे, एवढ्यावरून मनुष्य निरोगी ठरत नाही. पथ्यासह सेवन झाले तरच गुण येतो. किंबहुना वैद्याकडे जाणारा आपण रोगी आहोत हेच मान्य करतो. जीव परमेश्वरास शरण येतो तो विकारांनी ग्रासलेला असतो म्हणून, शुद्ध झालेला असतो म्हणून नव्हे. सूत्रपाठात ‘विचार’ या प्रकरणाबरोबर ‘आचार’ हेही प्रकरण आहे. तत्त्व मान्य झाले की आचरण आपोआप घडते, असे असते तर या दुसऱ्या प्रकरणाचे प्रयोजनच उरले नसते.

दुसरी शंका अशी की, भाविकाने मग वेषधारी साधूवर विश्वास ठेवूच नये काय? विश्वास अवश्य ठेवावा. परंतु वेष पाहून डोळे मिटू नयेत. अहिंसा, अपरिग्रह, वाणीचा संयम आणि दुर्बळाशी वर्तन, ही लक्षणे पाहावीत. पूर्वीच्या भिक्षूंनी कष्टाने आचार पाळून समाजात जो विश्वास संपादिला, त्याच पुंजीवर आजच्या वेषधाऱ्यास गृहस्थाच्या दारी आदर मिळतो. ती पुंजी जो स्वार्थासाठी वेचतो, तो एका गृहस्थास फसवून थांबत नाही. मागून येणाऱ्या निष्कपट भिक्षूच्या झोळीतील अन्नही तो हिरावतो.

म्हणून वासनिकाने व्यवहारात उपदेशी असो वा अन्य, दोघांस एकाच मापाने मोजावे. आणि आपण श्रद्धावान आहोत असे ज्यास वाटते, त्याने रात्री नामस्मरणास बसण्यापूर्वी दिवसभरातील आपले बोलणे व देणेघेणे एकदा तपासून पाहावे.