भग्न प्रतिमेचे देवत्व

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या गणेशोत्सवासाठी मागविलेल्या छापील फ्लेक्स-फलकांचा गठ्ठा उलगडला, तेव्हा घडीवरची शाई सोलवटून श्रींची सोंड दुभंगलेली आणि वरच्या कडेच्या रिंगा उपसून आलेल्या दिसल्या. पुरवठादाराकडे रीतसर तक्रार गुदरणे रास्तच. परंतु सदोष नग परत धाडावा, तर तो उकिरड्यावर पडणार, हा विचार अंतःकरणास डाचत राहतो. शास्त्रदृष्ट्या आवाहन आणि प्राणप्रतिष्ठा यांवाचून प्रतिमेत देवता नांदत नाही, आणि पार्थिव मूर्तीही उत्तरपूजेनंतर पुन्हा मृत्तिकाच मानली जाते. तथापि ज्या रूपापुढे हात आपोआप जुळतात, ते केवळ विधीच्या अभावी कचरा ठरावे, हे मला मान्य नाही. राष्ट्रध्वजाचेच पाहा: याच ग्वाल्हेरीत मध्य भारत खादी संघ तो तयार करतो, आणि २००२ची ध्वजसंहिता जीर्ण ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावयास सांगते. फ्लेक्सला मात्र अग्नीही वर्ज्य, कारण पीव्हीसी जळताना विषारी वायू सुटतात, आणि जलही, कारण पीव्हीसी पाण्यात विरघळत नाही. म्हणून छायाचित्रांचा पुरावा पाठवून दाम वळते करून घ्यावे, फलक आपल्यापाशीच ठेवावा, आणि चित्राची बाजू आत दुमडून मंडपाच्या छतास त्याचे अस्तर लावावे, हेच मला धर्म्य वाटते.