संगत आणि स्वत्व

ढवळ्याशेजारीं पवळ्या बांधला, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण घरोघरच्या वडील माणसांच्या तोंडीं असते. आणि तींतला ढवळ्या बहुधा शेजारचा मुलगा असतो! म्हणींतील अनुभव खोटा नाहीं. परंतु बैल आणि मनुष्य यांमधील एक भेद तींत सुटून गेला आहे. पवळ्याला बांधणारा धनी दुसरा असतो. मनुष्याला आपली दावण पुष्कळ अंशीं स्वतःच निवडतां येते. ह्या निवडीविषयीं कांहीं विचार वाचकांपुढें ठेवावे, असें आम्हांस वाटतें.

देगलूर हें मराठवाड्याच्या अगदीं कडेचें गांव. तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमा जवळच. येथील विद्यार्थी पुढील शिक्षणासाठीं नांदेडची किंवा लातूरची वाट धरतो. भाड्याच्या एका खोलींत तिघे-चौघे राहतात. आईबापांची नजर प्रथमच दूर झालेली असते आणि तिची जागा सोबत्यांची नजर घेते. "एक दिवस अभ्यास बुडाला, तर काय आकाश कोसळतें?" असें कोणी म्हणतो, आणि पुस्तक मिटतें. आमच्या अध्यापनकाळांत अशीं पुष्कळ मुलें आम्हीं पाहिलीं. त्यांना मोह पाडते ती चैनीची गोडी नव्हे. एकटें पडण्याच्या भयानें तीं वाहवत जातात.

अशा मुलाला आपण उपदेश करतों, 'कोणाचें ऐकूं नकोस, एकट्यानें उभा राहा.' उपदेश थोर खरा, पण अपुरा. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग 1951 सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं रेघांपैकीं समान लांबीची रेघ कोणती, एवढाच सोपा प्रश्न. परंतु आधींच शिकवून ठेवलेले बाकीचे सारे एकमुखानें चुकीचें उत्तर देत. अशा वेळीं सुमारें एक तृतीयांश उत्तरें डोळ्यांना डावलून मंडळींच्या मागें गेलीं. मात्र त्या मंडळींत खरें बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी शरण जाण्याचें प्रमाण फार घटलें. गर्दीला नकार देण्याचें बळ पुष्कळदां एकाच सोबत्याकडून येतें.

आपल्या प्रांताच्या इतिहासांत याचें मोठें उदाहरण आहे. देगलूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांतील उस्मानिया विद्यापीठ 1918 सालीं स्थापन झालें. तेथें शिक्षण उर्दूंतून चाले. 1938 सालीं तेव्हांच्या औरंगाबादेंत आणि हैदराबादेंत वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. त्यांनीं ती मानली नाहीं आणि शेंकडों विद्यार्थ्यांना विद्यालयें सोडावीं लागलीं. पुढें नागपूर विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला. 1991 सालीं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. ज्या काळीं घरांतील एका मुलाचें शिक्षण ही साऱ्या कुटुंबाची आशा असे, त्या काळीं अठरा-वीस वर्षांच्या मुलांनीं ती पणाला लावली. शेजारच्या खाटेवरचा मित्रही तेंच सोशीत होता, हा आधार त्यांना लहान नव्हता.

येथें चतुर वाचक विचारील, 'हाही सोबत्यांचाच दाब नव्हे काय?' प्रश्न रास्त आहे. आधार आणि दाब बाहेरून सारखेच दिसतात. पारखण्याच्या कसोट्या आमच्या मतें दोन. पहिली ही कीं, जें ध्येय आपण एकांतांत ठरविलें, त्याकडे ही मंडळी नेते काय? देगलूरकर महाराजांच्या परंपरेमुळें ह्या गांवचें नांव वारकऱ्यांना परिचित आहे. दिंडींत थकलेल्याला टाळाचा ठेका पुढें नेतो. पण पंढरीस जाण्याचें त्यानें घरीं असतांनाच ठरविलेलें असतें. उलट, सगळे डॉक्टरीकडे चालले म्हणून जो निघाला, त्याचे सोबती कितीही अभ्यासू असले, तरी तोही वाहवतच चालला आहे.

दुसरी कसोटी अधिक कठीण. ह्या मंडळींत 'नाहीं' म्हणून मित्र राहतां येतें काय? समजा, घरचा सारा भार ज्याच्यावर आहे, असा एखादा विद्यार्थी अशा लढ्यांतून माघारा वळला. त्याला भ्याड म्हणून हिणविणारे सोबती ध्येयानें उच्च असले, तरी संगत म्हणून उणेच. परीक्षेंत मागें पडलेल्याला खोलींतून मनानें हद्दपार करणारी हुशार मुलेंही त्याच पंक्तींतलीं. जेथें नकाराला जागा नाहीं, तेथें होकारालाही किंमत उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट राहिली. संगत निवडण्याचा अधिकार आपल्याला आहे, तसा दुसऱ्यालाही आहे. त्या प्रयोगांतील खरें बोलणारा एक सोबती आपल्याला मिळावा, असें प्रत्येकास वाटतें. तो आपण दुसऱ्यासाठीं व्हावें, हें थोड्यांस सुचतें. मुलगा सुटींत घरीं येतांच आईबाप विचारतात, 'तुझे मित्र कसे आहेत?' हा प्रश्न योग्यच आहे. त्याच्या जोडीला, 'तूं त्यांचा कसा मित्र आहेस?' हेंही त्याला विचारीत जावें.