गाडीत कोणाला बसवावे?

नव्या यंत्राची पहिली परीक्षा घेताना त्यात कोणाला बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. पुण्यात बसून त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आबालवृद्धांना आगगाडीचे जग चिमुकल्या रूपात दाखवीत आले आहे. आणि याच शहरात पाषाण-सुतारवाडीच्या परिसरात शस्त्रास्त्रांवर व अग्निबाणांच्या इंधनावर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा आहेत. रुळांची हौस आणि अग्निबाणाची विद्या येथे शेजारी शेजारी नांदतात. या दोहोंची गाठ प्रथम पडली ती जर्मनीत.

२३ जून १९२८ रोजी हॅनोव्हरजवळच्या एका सरळ लोहमार्गावर मोटार-उद्योजक फ्रिट्झ फॉन ओपेल यांची अग्निबाणाची गाडी हजारो प्रेक्षकांसमोर धावली. तिचे दारूचे अग्निबाण फ्रीडरिश झांडर यांनी बनविले होते. संकटातील जहाजांकडे दोर फेकणारे अग्निबाण तयार करणे हा त्यांचा मूळ उद्योग. म्हणजे जीव वाचविणारीच ती विद्या. या साऱ्यामागे माक्स वालिये या अवकाशस्वप्नांनी भारलेल्या लेखकाची प्रेरणा होती. चालकाविना सुटलेल्या त्या गाडीने ताशी २५० किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. परंतु त्या उन्हाळ्यातील फेऱ्यांपैकी एकीत गाडीत एक मांजर ठेवण्यात आले होते. गाडी नष्ट झाली आणि मांजर मेले. ऑगस्टमध्ये पुन्हा स्फोट झाल्यावर रेल्वेने पुढील प्रयोगांना मनाई केली. वालिये स्वतः १७ मे १९३० रोजी बर्लिनमध्ये द्रव इंधनाच्या यंत्राची चाचणी घेताना स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते.

आता या गाडीची लघुप्रतिकृती करावयाची असे समजू. हौशी मंडळींत १:८७ हे प्रमाण विशेष रूढ आहे. वेगही त्याच प्रमाणात उतरविला, तर ती गर्जणारी गाडी ताशी जेमतेम तीन किलोमीटरांनी सरकेल. रमतगमत चालणारा माणूसही तिला मागे टाकील. वेगाचा थरार हवा असेल, तर प्रमाण मोडावे लागेल. आणि खरीखुरी दारू भरून तो थरार मिळवू पाहणारा हौशी माणूस भोवती जमलेल्या मुलांना नकळत त्या मांजराच्याच जागी नेऊन बसवील. मग त्या मांजराचे काय करावे? या प्रमाणात ते तांदळाच्या दाण्याएवढे होईल. ते वगळले, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

खेळण्यात दुःख कशाला आणावे, असे कोणी म्हणेल. त्या म्हणण्याचा आम्ही अनादर करीत नाही. आनंद देणे हेही प्रतिकृतीचे कार्यच आहे. परंतु प्रतिकृती ही एक साक्षही असते. लांबी, रुंदी, वेग हे सारे प्रमाणात लहान होते. दुसऱ्याच्या जिवावर घेतलेला धोका मात्र कोणत्याही प्रमाणात लहान होत नाही. डबे, चाके, नळकांडी बिनचूक घडवून नेमकी तेवढीच एक गोष्ट गाळणे म्हणजे अर्धी साक्ष देणे होय.

तर मग असे प्रयोग करूच नयेत काय? येथे अमेरिकेतील हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांचे उदाहरण आठवते. १० डिसेंबर १९५४ रोजी रुळांवरील अग्निबाणाच्या घसरगाडीत ते स्वतः बसले. ताशी सुमारे १,००० किलोमीटरांचा वेग गाठून गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. शरीराने गुरुत्वाच्या ४६ पटींहून अधिक भार सोसला. डोळ्यांत रक्त उतरले, तरी दृष्टी परत आली. वैमानिकांचे पट्टे आणि पुढे मोटारींतील सुरक्षा-पट्टे यांच्या प्रसाराला या कार्याने बळ दिले. तथापि स्टॅप यांचे चित्रही निष्कलंक रंगविता येत नाही; त्या प्रयोगमालेत चिंपांझींनाही बसविण्यात आले होते. फळ मोठे होते म्हणून त्या मुक्या जिवांची संमती मिळाली असे होत नाही. फरक इतकाच, की मनुष्यदेहाला काय सोसते हे जाणण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्याला पुढे केले नाही. ओपेल यांच्या मांजराच्या मरणातून तर जगाला जाहिरातीपलीकडे काही लाभल्याचे दिसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये चंडीगडजवळच्या रुळांवर आपल्या देशातील संरक्षण-संशोधकांनी लढाऊ विमानातून वैमानिकाची सुटका करणाऱ्या यंत्रणेची ताशी ८०० किलोमीटर वेगाने परीक्षा घेतली. अग्निबाणाच्या त्या गाडीत वैमानिकाच्या जागी मोजमापाची उपकरणे लावलेला मानवाकृती पुतळा होता. वेगाच्या आकड्यापेक्षा हा पुतळा आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. मांजरापासून पुतळ्यापर्यंतचा हा प्रवास विज्ञानाचा आहे तितकाच विवेकाचाही आहे.

तो प्रवास अद्याप संपलेला नाही. नवी औषधे, नवी वाहने, नव्या योजना यांच्या पहिल्या फेरीत कोणाला तरी बसविले जातेच. आणि बहुधा तो ‘नको’ म्हणू न शकणाराच असतो. म्हणून वेग किती हे विचारण्यापूर्वी, बसणाऱ्याला उतरण्याची मुभा होती काय, हे आपण विचारावे. आणि जो कोणी ती गाडी हौसेने घडवील, त्याने तांदळाएवढे ते मांजरही तीत ठेवावे. पाहणारे मूल ते काय आहे असे विचारील. त्याला खरे उत्तर द्यावे.