संघराज्याचे अनुदान आणि धनकोची निश्चिंती

आपत्तीच्या काळात अमेरिकेचे संघीय सरकार राज्यांना जे अनुदान देते, ते नागरिकांसाठी असते. पण त्या बातमीकडे सर्वांत आधी कान लागलेले असतात ते रोखेबाजाराचे. राज्ये, शहरे, शाळा आणि पाणीपुरवठा मंडळे यांच्या कर्जरोख्यांचा तेथील बाजार सुमारे 4 लाख कोटी डॉलरचा आहे. अनुदान मिळणार असे दिसताच राज्यांचे रोखे अधिक सुरक्षित वाटू लागतात, त्यांची किंमत चढते आणि व्याजदर उतरतो. ज्या धनकोला आपत्तीची झळही लागलेली नाही, त्याच्या पदरातही त्यातले काही पडते. मग मदत नेमकी कोणाला झाली, हा प्रश्न जितका हिशेबाचा तितकाच न्यायाचा ठरतो.

अमेरिकेतील राज्यांना चलन छापता येत नाही. जवळजवळ सर्वच राज्यांवर अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन आहे. शहराला कायद्याने दिवाळे जाहीर करता येते, राज्याला तीही सोय नाही. त्यामुळे महसूल अचानक आटला की राज्यापुढे नोकरकपात, करवाढ किंवा कर्ज एवढेच मार्ग राहतात. आणि त्यातला तिसरा मार्ग धनकोच्या विश्वासावर अवलंबून असतो.

हा वाद संघराज्याइतकाच जुना आहे. 1790 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी स्वातंत्र्ययुद्धातील राज्यांची कर्जे संघाने आपल्या शिरावर घ्यावीत असे सुचवले. आपले बरेचसे कर्ज आधीच फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला हे अन्यायाचे वाटले: ज्याने निगुतीने देणे चुकवले, त्यानेच आता शेजाऱ्याचेही का फेडावे? त्याच चर्चेत प्रतिनिधीगृहाचे सदस्य जेम्स मॅडिसन यांनी आणखी खोलवर बोट ठेवले. पगाराऐवजी मिळालेली सरकारी कर्जपत्रे अनेक सैनिकांनी गरजेपोटी कवडीमोलाने विकली होती. पूर्ण रक्कम आता सटोडियाला द्यायची, की मूळ सैनिकाचाही त्यात वाटा ठेवायचा? मॅडिसन यांची सूचना फेटाळली गेली. कर्जपत्र ज्याच्या हाती त्याचा हक्क, हे तत्त्व टिकले. त्याने देशाची पत उभी केली, पण सैनिकाचे देणे राहून गेले, हेही नोंदवायला हवे.

पन्नास वर्षांनी उलट निर्णय झाला. 1840 च्या दशकाच्या आरंभी आठ राज्ये आणि फ्लोरिडा हा प्रदेश व्याज भरू शकले नाहीत, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संघीय संसदेने, हात वर केले. युरोपातील धनको खवळले. मात्र पुढे अनेक राज्यांनी कर्जावरची बंधने आपापल्या संविधानांत लिहून घेतली. मदतीचा नकारही माणसाला वळण लावतो, असे मानणाऱ्यांचा हा लाडका दाखला आहे. त्या नकाराची किंमत त्या पिढीच्या करदात्यांनी मोजली, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या धास्तीने दहा वर्षे मुदतीच्या उत्तम रोख्यांचा व्याजदर दोन आठवड्यांत एका टक्क्याच्या आतून पावणेतीन टक्क्यांच्या घरात गेला. राज्यांच्या कारभारात त्या पंधरवड्यात एवढा फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो भरवशात. 27 मार्चच्या कायद्याने राज्ये व स्थानिक सरकारांना 15,000 कोटी डॉलर दिले, पण बुडालेला महसूल भरून काढण्यास ते वापरायचे नाहीत अशी अट घातली. एप्रिलमध्ये फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने 50,000 कोटी डॉलरपर्यंत कर्ज देण्याची तयारी जाहीर केली. त्या खिडकीवर वर्षअखेरपर्यंत दोनच कर्जदार आले: इलिनॉय राज्य आणि न्यूयॉर्कचे वाहतूक प्राधिकरण. तिजोरीतून फारसे काही गेले नाही, तरी बाजार निवळला. बाजाराला रकमेपेक्षा पाठीशी कोणीतरी आहे याची खात्री हवी होती.

अशा खात्रीवर नैतिक आक्षेप आहे. पाठीशी संघ आहे असे ठरले, तर राज्य उधळपट्टी करील आणि धनको डोळे मिटून पैसे देईल. सिनेटर मिच मॅकॉनेल यांनी एप्रिल 2020 मध्ये राज्यांना दिवाळ्याचा मार्ग खुला करावा असे सुचवले, ते याच विचाराने. आक्षेप पोकळ नाही. इलिनॉयचा निवृत्तिवेतनाचा खड्डा कोविडच्या कितीतरी आधीचा होता. तरीही दोष आणि दुर्दैव यांत भेद करावाच लागतो. साथ कोणत्याही राज्याच्या उधळपट्टीने आली नव्हती. त्या वसंतात कामावरून गेलेला शाळेचा बसचालक धनकोच्या किंवा राज्यपालाच्या चुकीची शिक्षा भोगत होता, असे म्हणणे न्यायाला धरून नाही.

मार्च 2021 च्या कायद्याने राज्ये व स्थानिक सरकारांना आणखी 35,000 कोटी डॉलर दिले. राज्यांच्या वाट्यातील मोठा भाग बेरोजगारांच्या संख्येच्या प्रमाणात वाटला गेला. म्हणजे मोजमाप कर्जाचे नव्हे, आपत्तीचे होते. या पैशातून कर्जाचे हप्ते किंवा निवृत्तिनिधीची भर करू नये, असेही नियमांनी बजावले. हे बंधन योग्यच होते, पण त्याची ताकद मर्यादित आहे: पैशाला ओळख नसते. रुग्णालयाचा खर्च अनुदानातून भागला, की राज्याचा स्वतःचा तेवढा पैसा व्याजासाठी मोकळा होतो.

2021 च्या उन्हाळ्यात इलिनॉयचे पतमानांकन दोन दशकांहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. त्याचा लाभ दोन ठिकाणी गेला. जुने रोखे बाळगणाऱ्याच्या हातातील कागदाची किंमत वाढली. त्याला हा लाभ फुकटचा मिळाला. नव्याने काढलेल्या कर्जावरचे व्याज मात्र कमी झाले आणि ते वाचले तेथील करदात्याचे. पहिला लाभ टाळून दुसरा साधण्याची युक्ती मॅडिसन यांच्या काळात सापडली नव्हती आणि 2021 मध्येही सापडली नाही.