व्हॉल्व्ह काढून बघू

सदाशिव पेठेतल्या एका खानावळीच्या मालकांनी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ चादरीत गुंडाळून रिक्षातून आणला आणि मिस्त्रींच्या टेबलावर ठेवला.

"नवा ईएल ८४ टाका, की झालं," मालक म्हणाले. "दर चार-सहा महिन्यांनी जातोच. हल्ली व्हॉल्व्ह टिकत नाहीत. माणसं तरी कुठे टिकतात म्हणा! यंदाचा तिसरा आचारी कालच हाकलला. स्वयंपाक कधी वेळेवर म्हणून नाही."

मिस्त्रींनी नुसतं 'हं' केलं. मागचा पुठ्ठा काढला, ब्रशने धूळ झटकली आणि सेट आधी सिरीज बल्बमधून लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो, पण सेट वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तेव्हा कुठे त्यांनी थेट वीज दिली.

स्टेशन स्वच्छ लागलं. मालक खूश. मिस्त्री मात्र चहा मागवून बसून राहिले. कप संपता संपता गाणाऱ्या बाईंचा आवाज फाटायला लागला आणि ईएल ८४च्या काचेआडची प्लेट लालसर दिसू लागली.

"बघा! गेला की नाही?"

मिस्त्रींनी सेट बंद केला, पेटीतून बाहेर काढून पालथा केला, पुन्हा चालू केला आणि मीटरची एक पिन चासीला, दुसरी त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला लावली. "इथे शून्य पाहिजे. ९ व्होल्ट आहेत."

"म्हणजे व्हॉल्व्हच खराब ना?"

"काढून बघू."

सेट बंद करून फडक्याने धरून तापलेला व्हॉल्व्ह त्यांनी उपटला आणि पुन्हा वीज दिली. आवाज अर्थातच नाही, पण ग्रिडवर व्होल्टेज होतंच.

"ज्याच्यावर आळ तो इथे टेबलावर पडलाय," मिस्त्री म्हणाले, "आणि गुन्हा चालूच आहे."

गुन्हेगार खाली तारांच्या गर्दीत बसला होता. मेण लावलेला, करंगळीएवढा कागदी कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाज तेवढा पुढे सोडायचा आणि तिथलं डीसी व्होल्टेज अडवायचं, एवढंच त्याचं काम. पण इतक्या वर्षांच्या ओलीने कागदाचा जीव गेलेला. तो थोडं थोडं व्होल्टेज पुढे झिरपू देत होता. ग्रिड पॉझिटिव्ह झाली की ईएल ८४ झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो, तापतो, मरतो. कंडेन्सर मात्र ना तापत, ना लाल होत. त्याच्याकडे बघणार कोण? व्हॉल्व्हचं मेलं नशीबच खोटं, तो दिसतो.

"मग आधीच्यांनी हा का नाही बदलला?"

"व्हॉल्व्ह वरून उपटता येतो. ह्याच्यासाठी सेट पालथा करावा लागतो."

तपकीर गल्लीतून आणलेला पॉलिएस्टरचा कंडेन्सर त्यांनी तिथे डाग देऊन बसवला. व्हॉल्व्हच्या मानाने किंमत किरकोळच. जुनाच ईएल ८४ परत लावला. आता ग्रिडवर शून्य. दुसरा चहा झाला तरी बाईंचा आवाज फाटला नाही.

स्क्रू आवळता आवळता मिस्त्रींनी विचारलं, "तुमच्याकडे बाजारहाट कोण करतं?"

"मेहुणे."

"भाजी किती वाजता येते?"

मालक जरा घुटमळले. "साडेदहा… कधी अकरा."

"आणि पहिली पंगत?"

"साडेअकरा."

मिस्त्रींनी पुढे काही विचारलं नाही. मजुरी आणि कंडेन्सरचे पैसे तेवढे सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मालक गुलटेकडीला मार्केट यार्डात जाऊन उभे राहिले. मेहुणे नऊ वाजता उगवले. आधी पान, मग ओळखीच्या गाळ्यावर गप्पा, मग भाव पडल्यावर उरलीसुरली वांगी. आणि चिठ्ठीवर दर मात्र सकाळचा.

मालकांनी तिथूनच हाकललेल्या आचाऱ्याला फोन लावला.

"येतो," आचारी म्हणाला, "पण भाजी आठला कट्ट्यावर पाहिजे. नाही आली तर नऊला मी घरी."